पांडू हिलमची गार पेटी

“दार उघड गो संध्या. हात बघ माजं, रिकामं हायत. पेटी नाय, सुई नाय, बाई नाय. एकटाच आलोय मी.”

“तितूनच बोला, मामा.”

“कुडाला तोंड लावून किती बोलू? म्हातारा मानूस मी.”

“मंग नका बोलू.”

पांडू भाचीच्या दारात उकिडवा बसला. दार म्हणजे पत्र्याचा तुकडा, आतून काठी लावलेली. कारवीच्या कुडातून चुलीचा धूर बाहेर येत होता आणि धुराबरोबर बाळाचं कुरकुरणं. तेवढ्यात आत थोरली खोकायला लागली. चार वर्षांची पोर ती. एक ढास, तिच्या मागून दुसरी, तिसरी, श्वास घ्यायला सवडच नाही. आणि शेवटी हवा आत ओढताना तो लांबलचक आवाज, कोंबड्याची मान आवळल्यासारखा. मग ओकारी. पांडूनं डोळे मिटले नाहीत. पत्र्याकडं बघत बसला.

“थोरलीला औषध देतंस ना? बाटलीतलं?”

“देतंय. औषध घेतंय मी. सुई नाय.”

“तान्हा सुईच्या वयाचा झालाय गो. त्याला नाय टोचली, आन् हे ताईचं त्याला लागलं, मंग...”

“दिपिकाला तीन टोचल्या,” संध्या आतून बोलली. आवाज चढवला नाही तिनं. भाताचं विचारावं तसं विचारलं. “तिनी वेळा पेटी तुमीच आणलीत. कुठं हाय ती?”

ह्याचं उत्तर पांडूला ठाऊक होतं, साऱ्या उंबरटेप वाडीला ठाऊक होतं. दिपिका ओढ्याच्या पलीकडं आंब्याखाली होती. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून वर पांडूनंच दगड रचले होते. पांडूच्या मुलाची, हरेशची पोर, म्हणजे त्याची नात. रांगायला लागली होती नुकती.

तो उठला. गुडघे वाजले. खालच्या बाजूला अंगणवाडीच्या भिंतीवर निळ्या रंगात पाटी रंगवलेली होती: शंभर टक्के लसीकरण झालेली वाडी. ती रंगवली त्या दिवशी साहेब आले होते, नारळ फुटला होता आणि पांडूच्या गळ्यात झेंडूचा हार पडला होता. त्या पाटीखाली आता पोपट कातकरी विडी ओढत बसला होता.

“उघडलान् दार?” पोपटनं विचारलं.

“नाय.”

“नाय उघडायची. मी बी माज्या सुनेला सांगून ठेवलंय. पांडू आला तर पानी द्या, पन पोर देऊ नका.”

---

पांडूचा जन्म कोळशाच्या भट्टीवर झाला, एवढंच त्याच्या आईला सांगता यायचं. कुठल्या रानातल्या, ते नाही. पोरपण पेणच्या खाडीकडं मिठागरात गेलं. त्याचा बाबूस पायानं चिखल तुडवून कोंडी बांधायचा, आई पाट्यांनी मीठ वाहायची, आणि पांडू मिठाच्या राशीच्या सावलीला झोपायचा. टाचा अशा फुटलेल्या की बाभळीचा काटा मोडायचा पण आत शिरायचा नाही. मिठागरं बंद पडत गेली तसा तो मासळीच्या टेम्पोवर लागला. काम साधं. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून कुटायची, मग एक थर बर्फ, वर मूठभर खडेमीठ, वर मासळी, परत बर्फ. टेम्पोचा मालक शिकवायचा, “नुसता बर्फ झोपाळू असतो रे. मीठ पडलं की चावतो.” पांडूनं ते बोटांनी पाहिलं होतं. मिठाच्या बर्फात हात राहिला तर बोटं पांढरी पडायची आणि मागाहून जळाल्यासारखी आग व्हायची. पण मासळी? मासळी घाट चढून गेली तरी डोळा ताजा.

हे झालं त्याचं शिक्षण. ह्यापलीकडं शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं.

मग पाठीत चमक भरली, टेम्पो सुटला, आणि तो जानीला घेऊन रोह्यावरच्या डोंगरात वाडीवर परतला. जानी ओढ्यातले मुठे, म्हणजे बारके खेकडे, आणि मासळी घेऊन रोह्याच्या बाजारात बसायची. पांडू कधी मजुरीला, कधी लाकडाला. त्यातच एकदा खालच्या आरोग्य केंद्रातली भाग्यश्री सिस्टर वाडीत येऊन म्हणाली की लसीची पेटी वर आणायला माणूस मिळत नाही. मोटरसायकलवाला पायथ्याला पेटी ठेवून निघून जातो. चढेल का कोणी?

पांडू चढला. पहाटे केंद्रात जायचं, निळी पेटी खांद्याला अडकवायची, डोंगर चढून वरच्या तीन वाड्यांना पोचवायची, आणि सिस्टर मागाहून आली की पेटी तिच्या हातात द्यायची. मग पोरांची मांडी धरायला बसायचं. पोरं त्याला बघून पळायची, बाया हसायच्या. “पेटीवाला आला गो, लपवा पोरा.” पण पोरं आणून देत होत्या. आपल्यातला माणूस आहे, त्याची नातवंडंही त्याच सुईखाली जातात, हे त्या बघत होत्या. सिस्टरच्या शंभर गोष्टींनी जे झालं नसतं ते पांडूच्या एका हाकेनं होत होतं.

आणि मग तो वैशाख आला. केंद्रात रात्रभर वीज नव्हती. बर्फाच्या पिशव्या अर्ध्याकच्च्या गोठलेल्या, तशाच पेटीत भरल्या. वाटेत पांडूला ऊन लागलं, तो करवंदीच्या जाळीखाली पडून राहिला. वाडीत पोचेस्तोवर पेटीत कोमट पाणी. सिस्टरनं बाटलीवरचा ठिपका पाहिला आणि कपाळाला हात लावला. ठिपका काळा पडला होता. म्हणजे लस तापली, म्हणजे फेकायची. मजुरी बुडवून बसलेल्या बाया पोरं काखेला मारून निघून गेल्या. “एवढा बर्फ सांभाळता येत नाही तुम्हाला?” सिस्टर बोलली. चारचौघांत बोलली.

त्या दिवशी पांडू जेवला नाही. जानी मुठे साफ करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “मीठ नाय घातलंस?”

“कशात?”

“बर्फात. मासळीला घालतात तसं.”

एवढंच बोलणं. त्यानंतर दोन उन्हाळे, दोन पावसाळे आणि मधले हिवाळे पांडूनं पेटी सांभाळली ती मासळीच्या हिशोबानं. पायथ्याला रोह्याच्या मच्छीवाल्यांचा टेम्पो थांबायचा, तिथून ओंजळभर कुटलेला बर्फ मागून घ्यायचा. पेटीत ओतायचा, कमरेच्या पुरचुंडीतलं खडेमीठ वरून पेरायचं, झाकण आवळायचं. सिस्टरला पेटीत ओलं खपत नसे, म्हणून वाडीखालच्या झऱ्याशी तो सगळा बर्फ ओतून द्यायचा, पेटी फडक्यानं पुसायचा आणि मग वर न्यायचा. वर गेल्यावर बाया गोळा होईस्तोवर, सिस्टर धापा टाकत येईस्तोवर बराच वेळ जायचा. मग ती झाकण उघडून आत हात घालायची आणि म्हणायची, “पांडूदादा, तुमच्यासारखी गार पेटी तालुक्यात कोणाची नसेल.”

ठिपका कधी काळा पडला नाही. एक पोर सुटलं नाही. म्हणून पाटी रंगवली गेली.

---

शिमग्याला वीटभट्टीवरची माणसं वाडीत आली, पालखीला नाचली, आणि जाताना खोकला मागं ठेवून गेली. आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग रात्री वाडीला झोप येईनाशी झाली. एका झोपडीतली ढास थांबली की दुसरीतून सुरू. म्हाताऱ्या बायांनी ओळखला आवाज. “डांग्या हाय ह्यो,” त्या म्हणाल्या. “आमच्या लहानपनी होता. मंग सुया आल्या आन् गेला.”

सुया आल्या आणि गेला. मग आता सुया असून परत कसा आला? दिपिका गेली तेव्हा हा प्रश्न वाडीनं मोठ्यानं विचारला. उत्तर वाडीनंच दिलं: सुया खोट्या. सरकार आदिवासींना पाणी टोचतं.

ह्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला डॉक्टर वैशाली आली. तिशीची बाई, पायात कापडी बूट, उन्हानं नाक सोललेलं. ती घराघरांत बसून विचारायची. पोराला सुया किती, केव्हा. खोकला आहे का, कधीपासून. वाडी तिला पाणी द्यायची, उत्तरं द्यायची, पोर द्यायची नाही. पांडू तिच्याबरोबर फिरला, कारण वाडीची घरं तोच दाखवणार. खालची गावंही तिनं पालथी घातली. आठवडा असा गेला.

एका दुपारी ती अंगणवाडीच्या पायरीवर बसली, बूट काढले आणि तळवे चोळत राहिली.

“काय झालं, बाई?”

“पांडूदादा, लस किती पोरांना दिली हे आम्ही नेहमी मोजतो. ती पाटी त्याचीच आहे. पण लस लागली किती पोरांना, हे वेगळं मोजावं लागतं. ते कोणी फारसं मोजत नाही.”

“कसं मोजतात?”

“टोचलेली पोरं एका बाजूला, न टोचलेली दुसऱ्या बाजूला. खोकला कोणाकडं जास्त, ते बघायचं. खालच्या गावांत सरळ दिसतं. न टोचलेली खोकतायत, टोचलेली खेळतायत. लस तीच, बाटल्या त्याच खोक्यातल्या.” तिनं बुटातली माती झाडली. “इथं वरच्या तीन वाड्यांत टोचलेली पोरंही खालच्या न टोचलेल्यांइतकीच खोकतात. टोचलं काय आणि नाही टोचलं काय.”

“म्हंजी वाडी बोलते ते खरं? पानी व्हतं?”

“नाही. गोवराची सुईही ह्याच पेटीतून आली ना? शेजारच्या गावात गोवर येऊन गेला, तुमच्या वाडीत एकाला नाही झाला. ती लस लागली, ही नाही. मला कळत नाही असं का.” ती त्याच्याकडं बघायला लागली. “खालच्या आणि वरच्यामध्ये फरक एकच आहे. ही चढण. उद्या मला तुमच्याबरोबर यायचंय. रोज करता तसंच सगळं करा.”

पांडूला बरं वाटलं. दिपिका गेल्यापासून पहिल्यांदा कोणी त्याला त्याचं काम दाखव म्हणत होतं. निदान पेटीत खोट नाही एवढं तरी तिला कळेल.

सकाळी तिनं केंद्रातून मुदत संपलेल्या दोन बाटल्या घेतल्या. एक आपल्या पिशवीत ठेवली, एक पांडूच्या पेटीत. पायथ्याला त्यानं टेम्पोवाल्याकडून बर्फ मागितला. पेटीत ओतला. कमरेची पुरचुंडी सोडली.

“हे काय?”

“मीठ.” पांडूनं तिला समजावून दिलं, टेम्पोच्या मालकानं त्याला दिलं होतं तसं. नुसता बर्फ झोपाळू असतो. मीठ पडलं की चावतो. “मासळी घाट चढते ह्याच्यावर. ही पेटी बघा तुमी वर गेल्यावर. सिस्टर बी बोलते, तालुक्यात अशी पेटी नाय.”

डॉक्टर पेटीकडं बघत मागून चालू लागली. सबंध चढणभर काही बोलली नाही. पांडूला वाटलं दम लागला असेल. झऱ्याशी तो पेटी रिकामी करायला वाकला तेव्हा तिनं हात धरला. बाटली उचलली, हलवली. आत काही हललं नाही. काचेत पांढरा खडा.

“नेहमी असंच होतं?”

“मी कवा बाटली बघत नाय. पुसतो आन् नेतो. वर जाऊन सिस्टर बघते.”

“वर जाईपर्यंत वितळून जातं,” ती स्वतःशीच म्हणाली. “आणि ठिपका तर फक्त उन्हाचं सांगतो.”

अंगणवाडीत तिनं दोन्ही बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. गोठलेली पुरती सुटल्यावर दोन्ही एकदम हातात धरून खळखळ हलवल्या आणि परत ठेवल्या. “आता बघत बसा,” म्हणाली. दोन्ही ताकासारख्या पांढऱ्या होत्या. पांडू बघत बसला. बाहेर कोणाची तरी कोंबडी माती उकरत होती. तिच्या पिशवीतली बाटली तशीच ताकासारखी राहिली. त्याच्या पेटीतल्या बाटलीत भुगा तळाला बसायला लागला, नासलेल्या दुधासारखा, आणि वर पाणी राहिलं. नितळ, स्वच्छ पाणी. झऱ्याचं असतं तसं.

वाडी म्हणत होती तेच. पाणी.

“ही लस गारठ्यानं मरते, पांडूदादा,” डॉक्टर म्हणाली. “ऊन लागलं तर मरतेच, पण गोठली तर आधी मरते. गोवराची गोठली तरी चालते. ही नाही. तुम्हाला हे कोणी सांगायला हवं होतं. आम्ही सांगायला हवं होतं.”

पांडूला तिचं शेवटचं वाक्य ऐकू गेलं नाही. तो उठला, खिडकीतली बाटली बोटानं थोडी सरकवली, आणि विचारलं, “दिपिकाची सुई अशीच व्हती?”

तिनं होकारार्थी मान हलवली. खोटं बोलणं तिला जमलं असतं तर बरं झालं असतं.

---

जानी बाजारातून आली तेव्हा तो अंगणात होता. त्यानं सांगितलं ते तिनं पाटी डोक्यावर ठेवूनच ऐकलं. मग पाटी उतरवली. मुठे पाटीच्या तळाशी खुडबुडत होते.

“मीठ मी सांगितलं व्हतं,” ती म्हणाली.

“घातलं मी.”

“सांगितलं मी.” तिनं चुंबळ सोडली, झटकली, परत गुंडाळली. “हरेशला कोन सांगनार?”

“मी.”

“आन् वाडीला?”

 डॉक्टर जाताना म्हणाली होती, सगळ्या पोरांना सुया परत पहिल्यापासून द्याव्या लागतील. तान्ह्यांना आधी, दिवस वाया न घालवता. संध्याचं पोर सगळ्यांत लहान, आणि घरातच खोकला. एका सुईनं पुरतं काम होत नाही, पण जिवावरचं टळायला हातभार लागतो. दारं मात्र बंद. वाडीला वाटत होतं सुई खोटी आहे. ती खोटी नव्हती हे पटायचं तर खोटी कोणी केली ते सांगावं लागणार होतं. दुसरा रस्ता पांडूनं शोधून पाहिला. बर्फवाल्यावर घालता आलं असतं, मोटरसायकलवाल्यावर घालता आलं असतं. पण दारातून संध्या विचारणार, आणि तिच्या समोर खोटं टिकायचं नाही.

“ह्या वाडीत राहू देतील का रे आपल्याला?” जानीनं विचारलं.

“मना काय ठाव.”

तिनं मुठे साफ करायला घेतले. एकेक नांगी मोडल्याचा आवाज येत राहिला.

---

दुसऱ्या दिवशी त्यानं रोह्याहून पेणची एसटी धरली. हरेश आणि सून रामवाडीत खोली घेऊन राहत होते. पोर गेल्यापासून वाडीत परतले नव्हते. हरेश गणपतीच्या कारखान्यात घासकाम करायचा. शेडमध्ये गेलं की आधी मूर्तीच दिसतात, रांगेनं बसलेल्या, अजून डोळे न उघडलेल्या. माणूस शोधावा लागतो. हरेश एका मोठ्या मूर्तीच्या सोंडेशी बसून पॉलिशपेपरनं घासत होता. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. बाप उभा आहे हे त्यानं पाहिलं, पण हात थांबवला नाही.

पांडूनं उभ्याउभ्या सांगितलं. मीठ, बर्फ, बाटली, तळाला बसलेला भुगा. आईचं नाव त्यानं घेतलं नाही.

हरेश घासत राहिला. सोंड गुळगुळीत झाली होती तरी घासत राहिला.

“वाडीला सांगितलंस?”

“नाय अजून.”

“मंग मना कशाला आधी सांगाया आलास?”

“पोर तुजी व्हती.”

हरेशनं कागद उलटा केला. पलीकडं कोणी तरी रेडिओचा आवाज वाढवला. “आईनं सांगितलं व्हतं का मीठ घालायला?” त्यानं विचारलं. पांडू बोलला नाही तेव्हा तो म्हणाला, “तूच डोक्यानं काडलंस असं नाय व्हनार. मासळीचं डोकं तिचं.”

“घातलं मी.”

“हां. घातलंस तू.” आता कुठं त्यानं बापाकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, भुकटी होती. “संध्याच्या पोराला टोचून झाली का मना निरोप पाठव. तवर नको तोंड दाखवू. पोरीच्या आयेसला मी सांगन कवा तरी. आज नाय.”

“चा घेतोस का?” पांडूनं विचारलं, दुसरं काय बोलावं कळेना म्हणून.

“जा. गाडी चुकंल.”

---

वाडीत पोचला तेव्हा ऊन कललं होतं. पांडू सरळ संध्याच्या दारात गेला. ह्या वेळी बसला नाही. मोठ्यानं बोलला, कारण एकदाच सांगून होणार असेल तर सगळ्यांनी ऐकावं. कुडांच्या आडून माणसं बाहेर आली. पोपट पाटीखालून उठून आला. पांडूनं मीठ सांगितलं, झरा सांगितला, बाटलीतलं पाणी सांगितलं. दिपिकाचं दोनदा सांगितलं.

 लांब कुठं तरी एक पोर ढासत होतं.

“म्हंजी आमची पोरा तू मिठात घातलीस,” पोपट म्हणाला. “सुकटीसारखी.”

कोणी हसलं नाही. पोपटही नाही.

“सरकारनं पाठवला असंल ह्याला असं बोलाया,” मागून एक बाई म्हणाली. “आपल्या अंगावर घेतोय म्हातारा, परत सुया टोचाव्या म्हनून.”

“स्वताच्या नातीचं कोन अंगावर घेल?” दुसरी म्हणाली.

कोणी दगड उचलला नाही. उचलला असता तर पांडूला बरं वाटलं असतं. माणसं एकेक करून आपापल्या घरात गेली, आणि जाताना प्रत्येकानं दार लावून घेतलं. पत्र्याचे, फळ्यांचे, ताटीचे आवाज एकामागून एक आले. पांडू तिथंच उभा राहिला. आत थोरली परत खोकली, आणि त्या खोकल्याला धरून बारकं रडलं.

“मामा.”

“बोल गो.”

“आता मीठ नाय घालत?”

“नाय.”

“मंग बर्फ वितळनार. मंग सिस्टर परत फेकनार.”

“पिशव्याच न्यायच्या. बर्फाच्या. आतमधी पानी डुबुक वाजंस्तवर भायेर ठेवायच्या, मंग पेटीत. बाई शिकवून गेलीय. सिस्टरला बी बोलली ती.”

आत काठी सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं नाही. “उद्या पेटी घेऊन या,” संध्या म्हणाली. “तुमीच आना. दुसरा कोन आनील तर तो काय घालतो ते मना कुठं ठाव.”

“बाई बोलते दुसरा मानूस बघनार. चौकशी हाय माजी.”

“दुसऱ्याला मी नाय पोर देत.”

---

भाग्यश्री सिस्टर त्या सकाळी पांडूशी एक शब्द बोलली नाही. पांडूच्या पेटीचं कौतुक तिनंच केलं होतं; तेच तिच्या घशात अडकलं असावं. दुसरा माणूस अजून मिळाला नव्हता. पांडूनं बर्फाच्या पिशव्या टेबलावर मांडल्या आणि वाट बघत उभा राहिला. पिशव्यांना घाम सुटला. त्यानं एक उचलून कानाशी हलवली. काही नाही. ठेवली. परत उचलली. बाहेर ऊन चढत होतं, आणि उशीर म्हणजे वर बाया कामावर निघून जाणार. हात पुरचुंडीच्या जागेवर गेला, सवयीनं. कमरेला आज काही नव्हतं. मग डुबुक वाजलं. सिस्टरनं लसी मधोमध ठेवल्या, झाकण लावलं, आणि त्यानं पेटी खांद्याला घेतली.

पायथ्याला मासळीचा टेम्पो उभा होता. “बर्फ नको का रे आज?” टेम्पोवाल्यानं विचारलं. पांडू थांबला नाही.

वर वाडीत संध्या दाराबाहेर उभी होती, बाळ खांद्यावर. तिनं पेटी उघडायला लावली. एक पिशवी बाहेर काढली, उलटीपालटी केली, आणि सिस्टरच्या देखत तिला जीभ लावली. सगळ्या बाजूंनी चाटली. मग दुसरी. मग पेटीच्या तळाला बोट फिरवून ते चाखलं. सिस्टर घाण, घाण म्हणायला गेली आणि गप्प बसली.

“अळनी हाय,” संध्या म्हणाली आणि बाळ पांडूच्या मांडीवर दिलं.

पांडूनं बाळाची तंगडी धरली. बाळ किंचाळलं, निळं पडेस्तोवर रडलं, आणि श्वास घेतला. साधा श्वास, आवाज न करता. पांडूनं तो ऐकला.

“लागनार का आता?” संध्यानं विचारलं.

“परत टोचायला यावं लागंल म्हैन्यानं. मंग परत.” 

आणखी दोन दारं उघडली त्या दिवशी. बाकीची नाही. पोपटच्या सुनेनं पाणी दिलं, पोर दिलं नाही. अंगणवाडीपाशी आल्यावर पांडूनं पाटीखालची विटकर उचलून पाटीवर घासायला घेतली. सिस्टरनं विचारलं काय करताय, तेव्हा विटकर टाकून दिली. रंग निघत नव्हता.

रामवाडीचा, हरेशचा निरोप त्यानं रोह्याला निघालेल्या जानीजवळ दिला, तिथून पेणच्या एसटीवर धाडायला. टोचली, एवढंच सांगायचं. मग पेटीचं झाकण आवळलं, पिशवी हलवून एकदा कानाशी धरली, आणि वरच्या वाडीची वाट धरली. मागं उंबरटेपात कोणाचं तरी पोर ढासायला लागलं. चढण अर्धी झाली तरी ऐकू येत होतं.